भाड्याची इमारत : उत्पन्न, कर आणि भाडेकरू

पेढीच्या व्यवहारातून चार पैसे शिल्लक पडले, की आपल्या व्यापारी बंधूंचे लक्ष प्रथम सोन्याकडे व त्यानंतर जागेकडे वळते. दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, बाजारपेठेच्या मागील गल्लीत एखादा गाळा, उपनगरात एखादी सदनिका, अशा रीतीने अनेक कुटुंबांची पुंजी दगडविटांत गुंतलेली आहे. माल नासतो, उधारी बुडते, परंतु जागा कोठे जात नाही, ही समजूत आपल्या मनात खोलवर रुजली आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे असे नव्हे. तथापि जागा जागच्या जागी राहूनही मालकाचे नुकसान होऊ शकते, हे तितकेच खरे होय. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच, की भाड्याने दिलेली इमारत ही ठेव नसून दुसरा धंदा आहे, व धंद्यास जो हिशेब, जी कागदपत्रे आणि जी माणसांची पारख लागते ती सर्व येथेही लागते, हे सभासदांच्या ध्यानी आणून द्यावे.

आरंभी आमच्याच घरची हकीकत सांगणे अप्रस्तुत होणार नाही. आमच्या आजोबांनी १९३८ साली बेळगावात तीन गाळ्यांची कौलारू इमारत बांधली व ते गाळे ओळखीच्या माणसांस तोंडी बोलीवर दिले. एका गाळ्याचे भाडे दरमहा १२ रुपये ठरले. पुढे १९४७ साली मुंबई राज्याचा भाडे-नियंत्रण कायदा आला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच सामान्यतः प्रमाण भाडे मानले जाऊ लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, १९६१ साली त्या राज्याचा स्वतंत्र कायदा झाला. वाजवी भाडे ठरवून मागण्याची वाट त्यात होती, पण आमच्या वडीलधाऱ्यांनी ती वेळेवर धरली नाही. भाड्यातून घरपट्टीही निघेना, म्हणून दुरुस्ती थांबली. दुरुस्ती थांबली म्हणून भाडेकरू नाराज झाले. अखेर एका पावसाळ्यात वासे खचून मधल्या गाळ्याचे छप्पर खाली आले. तोवर मूळ भाडेकरू वारले होते, आत दुसरेच गृहस्थ व्यापार करीत होते, आणि पावती कोणाच्या नावे फाडावी यावर काका व वडील यांचे एकमत नव्हते. इमारत गेलीच, शिवाय दोन भाऊ काही वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. यात भाडेकरूचा दोष शोधणे अन्यायाचे होईल, कारण त्याने ठरलेले भाडे दिले होते. दोष आमचा होता. जागेचा धंदा केला, पण तो धंदा आहे हे ओळखले नाही.

१. खरे उत्पन्न किती?

दलाल मंडळी उत्पन्न सांगतात ते वर्षाच्या भाड्यास किमतीने भागून. व्यापाऱ्याने एवढ्यावर विसंबू नये. मालाचा नफा काढताना आपण वाहतूक, हमाली, घट व व्याज धरतो, तोच न्याय येथेही लावावा. एक कल्पित उदाहरण घेऊ.

एका बंधूंनी ६० लाख रुपयांस सदनिका घेतली. मुद्रांक, नोंदणी, वकील व किरकोळ दुरुस्ती मिळून आणखी ५ लाख खर्च झाले. एकूण गुंतवणूक ६५ लाख. भाडे दरमहा २०,००० रुपये, म्हणजे वर्षास २,४०,०००. दलालाच्या हिशेबाने हे ४ टक्के झाले. आता प्रत्यक्ष पाहा. वर्षातून एक महिना जागा रिकामी राहिली, तर हाती येणार २,२०,०००. त्यातून घरपट्टी १२,०००, दुरुस्ती व रंगकाम २५,००० आणि विमा व किरकोळ ५,००० वजा जाता उरले १,७८,०००.

यानंतर आयकर. आयकराच्या दृष्टीने हिशेब निराळा आहे. मिळालेल्या २,२०,००० मधून मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते, म्हणजे २,०८,००० उरतात. त्यावर ३० टक्के सरसकट वजावट, म्हणजे ६२,४०० रुपये. करपात्र रक्कम १,४५,६००. हे बंधू २० टक्क्यांच्या पायरीत असल्यास ४ टक्के उपकरासह सुमारे ३०,२८५ रुपये कर होईल. तो वजा जाता हाती खरे १,४७,७१५ रुपये पडले. ६५ लाखांवर हे प्रमाण सुमारे सव्वादोन टक्के होते. चार टक्क्यांचे सव्वादोन कसे झाले, हे ज्यास आधी कळले तो फसत नाही, नंतर कळले तो आयुष्यभर दलालास दोष देतो.

जागेची किंमत वाढेल, तो नफा वेगळा, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, परंतु वाढीची आशा व भाड्याचे उत्पन्न ही दोन खाती वेगळी ठेवावी. केवळ वाढीच्या आशेवर घेतलेली जागा म्हणजे भाव चढेल म्हणून भरून ठेवलेली वखार होय. तीत लाभ होतो, तसा तोटाही होतो.

२. कर्जाची इमारत

वरील बंधूंनी ४० लाख रुपये ९ टक्के व्याजाने काढले असे समजू. पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे ३,६०,००० होते. इमारत खर्च वजा जाता १,७८,००० देते. म्हणजे मुद्दलाचा एक पैसाही न फेडता दरवर्षी १,८२,००० रुपये दुकानाच्या गल्ल्यातून इमारतीकडे जाणार. बाजार तेजीत असतो तोवर हे जाणवत नाही, परंतु मंदी आली की दुकान व इमारत दोन्ही एकाच वेळी हात पसरतात.

व्याजाने कर वाचतो, ही समजूतही तपासून घ्यावी. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जावरील व्याज घरभाड्याच्या उत्पन्नातून वजा होते, हे खरे. आपल्या उदाहरणात १,४५,६०० मधून ३,६०,००० वजा करता २,१४,४०० रुपयांचा तोटा दिसेल. जुन्या करपद्धतीत असा तोटा इतर उत्पन्नातून वर्षास फार तर २ लाखांपर्यंत वजा होतो व उरलेला पुढील ८ वर्षे घरभाड्याच्याच उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या करपद्धतीत मात्र हा तोटा दुकानाच्या नफ्यातून वजाच होत नाही. सबब कोणती पद्धत स्वीकारली आहे हे पाहिल्यावाचून, कर वाचेल या भरवशावर कर्ज काढू नये. आमच्या मते भाड्याच्या निव्वळ रकमेतून जेवढा हप्ता निघेल तेवढेच कर्ज हे अल्प भांडवलाच्या मालकास सोसणारे कर्ज होय.

३. करांविषयी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आणण्यात आला व तो लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. कलमांचे क्रमांक बदलले, परंतु घरभाड्याच्या हिशेबाची वर सांगितलेली चौकट तीच आहे. त्यातील पुढील मुद्दे सभासदांनी आपल्या सनदी लेखापालाशी बोलून घ्यावे.

(अ) घरपट्टी मालकाने स्वतः व त्याच वर्षी भरली तरच वजा मिळते. भाडेकरूने परस्पर भरल्यास मालकास वजावट मिळत नाही. तीस टक्क्यांची वजावट मात्र प्रत्यक्ष दुरुस्ती कमी होवो वा अधिक होवो, तेवढीच मिळते. ज्या वर्षी छप्पर बदलले त्या वर्षी अधिक मागता येत नाही. म्हणून दरवर्षी थोडी रक्कम दुरुस्तीखाती बाजूस काढणे हाच शहाणपणा.

(आ) राहते घर भाड्याने देऊन ते उत्पन्न धंद्याचे म्हणून दाखवावे व त्यातून घसारा वगैरे मागावा, अशी युक्ती पूर्वी काही जण करीत. २०२४ च्या दुरुस्तीनंतर राहत्या घराचे भाडे मालकाने घरमिळकतीच्या सदराखालीच दाखवावयाचे आहे. या उलट स्वतःच्या इमारतीत स्वतःची पेढी चालत असेल, तर तिचे भाडे कल्पून कर लागत नाही व बांधकामावर, जमिनीवर नव्हे, घसारा मिळतो. स्वतःच्या दुकानाची जागा विकत घेणे व दुसऱ्यास देण्यासाठी जागा घेणे, या दोहोंत कराच्या दृष्टीने हा मोठा फरक आहे.

(इ) पत्नीच्या नावे जागा केली की कर तिच्याकडे गेला, असे समजू नये. मोबदला न घेता पत्नीस घर दिले, तर करासाठी पतीच मालक मानला जातो. पतीने पैसे देऊन पत्नीने घर घेतले, तरी ते उत्पन्न सामान्यतः पतीच्या उत्पन्नात मिळविले जाते. भावाभावांचे हिस्से निश्चित असतील, तर प्रत्येकाच्या हिश्शाचे भाडे ज्याच्या त्याच्या नावे धरले जाते. सबब हिस्से कागदावर निश्चित असणे हे कुटुंबाच्या सलोख्याप्रमाणेच कराच्या दृष्टीनेही हिताचे आहे.

(ई) वस्तू व सेवा करात आपले अनेक बंधू चुकतात. ज्याच्या स्वतःच्या नावे दुकानाची नोंदणी आहे, त्याने त्याच नावाचा गाळा व्यापारासाठी भाड्याने दिला, तर भाडे थोडे असले तरी त्यावर १८ टक्के कर आकारावा लागतो. गाळ्याचे भाडे २० लाखांच्या आत आहे, ही सबब चालत नाही, कारण नोंदणी माणसाची असते, गाळ्याची नव्हे. मालक नोंदणीकृत नसेल व भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यापारी जागेच्या भाड्यावरील हा कर भाडेकरूने स्वतः भरावयाचा आहे. कंपोझिशन योजनेतील भाडेकरूंस पुढे यातून वगळण्यात आले. जे बंधू स्वतः भाड्याच्या गाळ्यात धंदा करतात त्यांनी हे विशेष पाहावे. नोंदणी नसलेल्या कुटुंबास राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्यावर हा कर नाही.

(उ) भाडे दरमहा ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूवर उगमस्थानी करकपातीची जबाबदारी येते. ज्यांची गतवर्षीची धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर आहे त्यांनी इमारतीच्या भाड्यावर १० टक्के, व इतर व्यक्तींनी २ टक्के कापावयाचे असतात. कापलेला कर आपल्या नावे जमा झाला की नाही, हे मालकाने वर्षअखेरीस तपासावे.

(ऊ) जागा विकताना, ती २४ महिन्यांहून अधिक काळ धारण केली असल्यास दीर्घ मुदतीचा भांडवली नफा होतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे व महागाईनुसार किंमत वाढवून धरण्याची सवलत नाही. परंतु त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनी व इमारतींबाबत निवासी व्यक्तींस व एकत्र कुटुंबांस, जुन्या रीतीने किंमत वाढवून २० टक्क्यांनी होणारा कर कमी येत असेल तर तेवढाच भरण्याची मुभा आहे. दोन्ही हिशेब मांडून पाहावे. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या वडिलोपार्जित इमारतीस त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो, मात्र तो त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याहून अधिक धरता येत नाही. सबब मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा दाखला विक्रीपूर्वीच करून ठेवावा.

४. भाडेकरू कसा निवडावा, करार कसा करावा

अधिक भाडे देणारा तो चांगला भाडेकरू, हा भ्रम होय. एक भाडेकरू १८,५०० रुपये देतो व पाच वर्षे राहतो. त्याचे वर्षास २,२२,००० होतात. दुसरे २०,००० देतात, परंतु दरवर्षी बदलतात. मध्ये दोन महिने जागा रिकामी राहते व एक महिन्याचे भाडे दलालीस जाते. हाती १,८०,००० येतात. दीड हजारांच्या लोभाने वर्षास ४२,००० गमावले. उधारी देताना आपण गिऱ्हाइकाची पत पाहतो, तशीच भाडेकरूची पाहावी. त्याचा उद्योग काय, पूर्वीच्या मालकाशी त्याचा व्यवहार कसा होता, जागा कशासाठी हवी, हे विचारण्यात संकोच नसावा.

कायद्याचे स्वरूप प्रांताप्रांतांत भिन्न आहे. कर्नाटकात १९९९ चा भाडे कायदा ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला. ज्या जागेचे मानीव किंवा प्रमाण भाडे पहिल्या परिशिष्टाच्या 'अ' भागातील शहरांत ३,५०० रुपयांहून व इतरत्र २,००० रुपयांहून अधिक आहे, तसेच १४ चौरस मीटरांहून मोठे व्यापारी गाळे, यांस तो लागू नाही. म्हणजे आज नव्याने दिलेल्या बहुतेक जागा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली येतात. त्यात मासिक भाडेपट्टी संपविण्यास १५ दिवसांची नोटीस पुरते, पण कारखानदारीसाठी दिलेल्या जागेस, वेगळा लेखी करार नसेल तर, सहा महिन्यांची नोटीस लागते. एखाद्या बंधूंनी आपली वखार छोट्या कारखान्यास तोंडी दिली असेल, तर त्यांनी हा भेद विसरू नये.

ज्यांची जागा सीमेपलीकडे कोल्हापूर-सांगलीकडे आहे त्यांस महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे-नियंत्रण कायदा लागू होतो. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. जुन्या भाडेकरूंचे भाडे त्यात दरसाल ४ टक्क्यांनी वाढविता येते. भाडेकरार वा 'लिव्ह अँड लायसन्स' करार लेखी असून नोंदविलाच पाहिजे, व ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी न केल्यास अटींविषयी वाद निघाला असता भाडेकरूचे म्हणणे खरे मानले जाते. गोव्यात १९६८ चा व मध्य प्रदेशात १९६१ चा कायदा आहे. तेथील बंधूंनी स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा.

अकरा महिन्यांचा करार सर्वत्र रूढ आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो, हे त्याचे कारण. परंतु अकरा महिन्यांच्या करारासही योग्य मुद्रांक लागतो, अन्यथा प्रसंगी तो न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. करारात भाडे, अनामत, वार्षिक वाढ, वीज व पाणी यांची जबाबदारी, पोटभाडेकरू न ठेवण्याची अट, जागेचा उपयोग आणि जागा सोडण्याची मुदत ही स्पष्ट असावी. अनामतीबाबत २०२१ च्या आदर्श भाडे कायद्याने राहत्या घरास दोन व इतर जागेस सहा महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविली आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, तथापि हे प्रमाण दोन्ही पक्षांस न्याय्य वाटते. भाडे बँकेतून घ्यावे व पावती द्यावी. पावतीने भाडेकरू डोक्यावर बसतो ही जुनी भीती निराधार आहे. पावती नसल्यानेच कोण भाडेकरू व कोण उपरा हे कळेनासे होते, हे आम्ही घरी अनुभवले.

मालकानेही आपली बाजू पाळली पाहिजे. गळके छप्पर, तुंबलेली मोरी, सैल वीजतार यांकडे वेळेवर लक्ष देणारा मालक भाडेकरूस सहसा सोडवत नाही. आपल्यापैकी अनेक जण एका गल्लीत मालक तर दुसऱ्या गल्लीत भाडेकरू आहेत. आपल्या मालकाने आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण वागावे, ही कसोटी सर्वांत सोपी.

५. मागे राहणाऱ्यांसाठी

१९५६ चा हिंदू वारसा कायदा जैन कुटुंबांसही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी ही मुलाप्रमाणेच एकत्र कुटुंबाची जन्मतः समदायाद झाली व २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने, त्यासाठी २००५ साली वडील हयात असणे आवश्यक नाही, असे स्पष्ट केले. सबब 'मुली काही मागत नाहीत' या विश्वासावर व्यवहार करू नये. मृत्युपत्र वा वाटणीपत्र विचारपूर्वक करावे. इमारत विभागणे कठीण असेल तर भाडे कोणी वसूल करावे, दुरुस्ती कोणी करावी व हिशेब कोणी ठेवावा हे लिहून ठेवावे. सिटी सर्व्हे उतारा, खरेदीखत, घरपट्टीच्या पावत्या, बोजाविषयीचा दाखला व भाडेकरार ही सर्व एका जागी असावी आणि ती कोठे आहेत हे घरातील स्त्रियांसही ठाऊक असावे. पतीच्या पश्चात अनेक भगिनींस भाडे किती व कोणाकडून येणे आहे हेच माहीत नसते. त्या अडचणीच्या काळात सचोटीचा भाडेकरूही परका वाटू लागतो.

समारोप

इमारतीची खतावणी दुकानाच्या खतावणीहून वेगळी ठेवा. निव्वळ उत्पन्न काढल्यावाचून जागा घेऊ नका. दुकानाचे खेळते भांडवल विटांत अडकवू नका. दुरुस्तीची रक्कम दरमहा बाजूस काढा. करार लेखी करा, पावती द्या, कर वेळेवर भरा. यांत नवे असे काहीच नाही. मालाच्या धंद्यात ही शिस्त आपण सांभाळतोच, तीच जागेच्या धंद्यात आणावयाची आहे.

आमच्या पडलेल्या इमारतीच्या जागी आज नवे गाळे उभे आहेत. भावाभावांचे हिस्से लिहिलेले आहेत, भाडेकरूंचे करार कपाटात आहेत, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कोणी तरी एक जण माडीवर चढून छप्पर पाहून येतो. आजोबांनी कष्टाने बांधलेली वास्तू आम्ही राखू शकलो नाही. जी उरली आहे ती तरी पुढील पिढीच्या हाती वाद न होता पडावी, एवढीच इच्छा आहे. सभासद बंधूंनी येत्या दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी नव्या वह्या आणताना एक वही इमारतीसाठीही आणावी, अशी नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.